चाकांवरची चूल

रात्री उशिरा गाडी घरी आणून लावावी, इंजिन बंद करावं, सोसायटीत सामसूम असावी. अशा वेळी गाडीखालून एक बारीक आवाज येत राहतो. टिक्... टिक्... टिक्. आधी भरभर, मग सावकाश, मग आठवण आल्यासारखा मधूनच एखादा. नवी गाडी घेतलेला माणूस हा आवाज पहिल्यांदा ऐकतो तेव्हा खाली वाकून बघतो. काही गळतंय का, काही सुटलंय का. काहीच झालेलं नसतं. सायलेन्सरचे पाइप आणि त्यांच्याभोवतीचे पत्रे प्रवासात तापून फुगलेले असतात. आता निवताना ते आकसतात आणि आकसता आकसता वाजतात. ऊन उतरल्यावर कोकणातलं पत्र्याचं छप्पर वाजतं, अगदी तसंच.

मी कित्येक वर्षं गाडी चालवतोय, तिच्यावर मुबलक खर्चही केलाय. पण ती मुळात आहे काय, हे मला या आवाजाने शिकवलं. गाडी ही आधी चूल आहे, मग वाहन. ती आग पेटवते, त्या आगीतला थोडासा भाग चाकांना देते आणि उरलेली उष्णता कुठे टाकायची या विवंचनेत तिचा दिवस जातो. गॅरेजची बिलं आपण भरतो ती बरीचशी या विवंचनेचीच असतात. कूलंट, ऑइल, ब्रेक लायनर, क्लच प्लेट, टायर, बॅटरी. यादी वाचताना वेगवेगळे आजार वाटतात, पण आत ताप बहुतेक वेळा एकच असतो.

हिशोब घरच्या विजेच्या भाषेत मांडू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. हजार वॅटची इस्त्री सलग नऊ तास चालेल इतकी. ती पाण्याच्या एका बाटलीत मावते हेच मुळात नवल. आता गाडी तिचं काय करते ते बघा. पेट्रोलवर चालणाऱ्या साध्या गाडीचा ढोबळ हिशोब असा, की १०० रुपयांचं पेट्रोल टाकलं तर गाडी पुढे ढकलण्याच्या कामी येतात २०-२५ रुपये. तीसएक रुपये गरम धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जातात. जवळपास तितकेच इंजिनाभोवतीचं पाणी तापवतात आणि रेडिएटरमधून हवेत जातात. उरलेले आतल्या घर्षणात, पंपांत, एसीत आणि सिग्नलला नुसतं उभं राहण्यात संपतात.

हे ऐकून इंजिन बनवणाऱ्यांचा राग येतो. पण यात त्यांचा दोष कमी आणि निसर्गाचा नियम जास्त आहे. १८२४ साली सादी कार्नो या फ्रेंच इंजिनीअरने एक छोटं पुस्तक काढलं. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मोटारगाडी जन्माला यायला अजून साठ वर्षं होती, त्याच्यासमोर होती ती वाफेची इंजिनं. त्याने दाखवलं, की उष्णतेवर चालणारं कुठलंही यंत्र सगळ्याच्या सगळ्या उष्णतेचं काम करून देऊ शकत नाही. उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे वाहते आणि त्या वाहण्यातून थोडं काम काढून घेता येतं. बाकीची पुढे सोडावीच लागते. त्याने स्वतः उपमा दिली होती ती उंचावरून पडणाऱ्या पाण्याची. आपल्याकडे ती कोयनेला चपखल बसते. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीकडे उतरतं, वीज देतं आणि अवजल होऊन वाशिष्ठीला मिळतं. ‘एवढं पाणी सोडून कशाला देता, आतच ठेवा’ असं कुणी म्हटलं तर जनित्रच थांबेल. सायलेन्सरचा धूर आणि रेडिएटरची झळ हे गाडीचं अवजल आहे. ते वाहतं म्हणून चाक फिरतं.

आता चुलीच्या तोंडाशी जाऊ. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते तेव्हा आतल्या वायूचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. ज्या पिस्टनच्या डोक्यावर ही आग पेटते तो असतो ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा, आणि ॲल्युमिनिअम वितळतं ६६० अंशांना. म्हणजे आपण मेणाच्या भांड्यात तेल तापवतोय! तरी पिस्टन लाखभर किलोमीटर टिकतो, कारण आगीला तिथे थांबायला वेळच मिळत नाही. इंजिन ३,००० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा आग लागते आणि विझते. चार सिलिंडर धरले तर सेकंदाला १०० स्फोट, तासाला ३ लाख ६० हजार. एकेक जाळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता जगतो. लगेच ताजी हवा आत येते. सिलिंडरच्या भिंतीतून पाणी उष्णता ओढून नेतं, पिस्टनच्या तळाला ऑइलचे शिंतोडे बसतात. यातलं एक जरी चुकलं तरी भांडं वितळायला लागतं. आणि आपण आत बसून म्हणत असतो, ‘काय स्मूथ चालतेय बघ!’

या चुलीची पहिली मोठी परीक्षा झाली जर्मनीत, ऑगस्ट १८८८ मध्ये. कार्ल बेंझने आपल्या तीन चाकी मोटारीचं पेटंट जानेवारी १८८६ मध्ये नोंदवलं होतं, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. मग एका पहाटे त्याची बायको बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन निघाली आणि मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, आपल्या माहेरी, ती गाडी घेऊन गेली. शंभराहून थोडे जास्त किलोमीटर. पेट्रोलपंप नव्हतेच. वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून तिने इंधन म्हणून चालेल असं द्रव विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. या गोष्टी बहुतेक ठिकाणी सांगितल्या जातात. मला महत्त्वाच्या वाटतात त्या दुसऱ्या दोन. इंजिन थंड ठेवायला त्या गाडीत पाणी होतं आणि ते उकळून वाफ होऊन उडून जायचं, म्हणून वाटेत ठिकठिकाणी पाणी भरावं लागलं. आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घ्यावं लागलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर ते. चढाला पाणी आटणं आणि उताराला ब्रेक झिजणं हे आपले दोन कायमचे आजार गाडीने पहिल्याच लांबच्या प्रवासात उघड केले होते.

मला ते दोन्ही एकाच सहलीत भेटले.

बेत असा होता, की पुण्याहून वाईमार्गे महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने उतरून कोकणात मावशीकडे. मे महिना, दुपारचे बारा, गाडी अकरा वर्षांची. खंबाटकीच्या चढाला ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत होतो. वर्षानुवर्षं मध्यावर झोपून राहिलेला तापमानाचा काटा हळूहळू उठायला लागला. एका वळणावर जागा बघून गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर शिट्टी झालेल्या कुकरसारखी वाफ. मी पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, इतक्यात पुढे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, “अहो साहेब, तोंड भाजून घ्यायचंय का? निवू द्या की तिला! चहा घ्या तवर.”

त्याने माझा चेहरा वाचवला असं मी शब्दशः म्हणू शकतो. रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नसतंच, ती कुकरची शिट्टी असते. दोघांचं काम एकच आणि दाबही जवळपास सारखाच. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक पट जास्त ठेवायचा. तेवढ्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपास उकळतं. कुकरमध्ये आपण याचा उपयोग डाळ लवकर शिजवायला करतो, गाडी करते तो पाणी पाणीच राहावं म्हणून. कारण वाहतं पाणी धातूची उष्णता भराभर उचलतं, वाफेच्या बुडबुड्याला ते जमत नाही. जिथे बुडबुडा चिकटला तिथे धातू उघडा पडतो आणि तापतच जातो. आणि ११० अंशांच्या पाण्यावरचं झाकण उघडलं तर दाब क्षणात उतरतो, त्यातलं बरंच पाणी एकदम वाफ होतं आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. म्हणून तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही. अर्धा-पाऊण तास थांबायचं. इलाज हाच.

त्या ड्रायव्हरने निघताना आणखी एक उपाय सांगितला. एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल! मे महिन्यात, भर दुपारी, हीटर. मला वाटलं चेष्टा करतोय. पण गाडीचा हीटर म्हणजे इंजिनाचंच गरम पाणी खेळवणारा छोटा रेडिएटर. तो सुरू केला की उष्णतेला बाहेर पडायला आणखी एक खिडकी उघडते. सुरूर फाट्यापर्यंत आम्ही घामाने निथळत, पण काटा मध्यावर ठेवून पोचलो.

फाट्याजवळच्या गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निदान केलं. “इंजनाला काय धाड भरली नाय. झाकणाचा वायसर गेलाय, शिट्टी दाब धरंना झालीया.” शे-दीडशे रुपयांचं नवं झाकण बसलं आणि विषय संपला. वायसर वेळेवर बदलला नसता आणि मी तशीच दामटली असती, तर इंजिनाचं हेड वाकडं झालं असतं, हेड गॅस्केट उडालं असतं आणि बिल पाच आकडी झालं असतं. आई कुकरची रिंग वर्षाला न चुकता बदलायची. गाडीच्या कुकरलाही रिंग असते हे मात्र मला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं.

त्याच गॅरेजवाल्याने मला कूलंटवरूनही सुनावलं. मी महिनोन्महिने नळाचं पाणी ओतत होतो. ‘कूलंट थंडीत गोठू नये म्हणून असतं, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो’ हे मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. अर्धसत्य. त्यातलं ग्लायकॉल उकळबिंदूही वर नेतं, आणि सोबतची रसायनं आतल्या धातूला गंज चढू देत नाहीत. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या आत बसतो, आणि मग पाणी असूनही उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असतं, त्यामुळे सांडलेलं कूलंट मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नये.

या पाण्याच्या वाटेवर एक पहारेकरी बसलेला असतो आणि तो माझा सगळ्यात लाडका भाग आहे. थर्मोस्टॅट. सकाळी गाडी गार असते तेव्हा पाण्याने रेडिएटरकडे जाता कामा नये, नाहीतर इंजिन लवकर तापणार नाही आणि गार इंजिन पेट्रोलही जास्त पितं. म्हणून वाट बंद. ८०-९० अंशांच्या दरम्यान गेलं की वाट उघडायची. हे ठरवतं कोण? साध्या थर्मोस्टॅटमध्ये ना वायर असते ना चिप. एका छोट्या धातूच्या डबीत मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला ते वितळतं, वितळताना फुगतं, फुगताना एक दांडी ढकलतं आणि झडप उघडते. पाणी थंड झालं की मेण गोठून आकसतं आणि स्प्रिंग झडप लावून घेते. देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीच्या जातीचा पदार्थ, भट्टीशेजारी बसून, वर्षानुवर्षं दार उघडतो आणि लावतो.

पाणी रेडिएटरमध्ये पोचलं की पुढचं काम पसरण्याचं. १९०० च्या सुमारास विल्हेल्म माइबाखने एमिल येलिनेक या व्यापाऱ्यासाठी एक गाडी बनवली आणि तिला येलिनेकच्या मुलीचं नाव मिळालं, मर्सिडीज. त्या गाडीच्या रेडिएटरमध्ये त्याने बारीक चौकोनी नळ्यांचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं बसवलं. आठ हजारांहून जास्त नळ्या. थोडं पाणी, पुष्कळ पृष्ठभाग, मधून वारा. बेर्टाला गावोगाव पाणी भरावं लागलं होतं, आता तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवता येऊ लागलं. चहा बशीत ओतून पिणाऱ्या माणसाला रेडिएटर वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पाण्याइतकंच काम ऑइल करतं, फक्त ते दिसत नाही. इंजिनाचा क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्याला तो चालू इंजिनात खरं तर टेकतच नाही. दोघांच्या मध्ये केसाहून कितीतरी पातळ असा ऑइलचा पापुद्रा असतो आणि फिरता शाफ्ट त्यावर तरंगतो. हजारो किलोमीटर तापून तापून ऑइल काळवंडतं, त्याचं अंग बदलतं, पापुद्रा धरण्याची ताकद उतरते. ‘ऑइल काळं झालं पण आहे ना पुरेसं’ असं म्हणून बदली पुढे ढकलणं म्हणजे चार महिने भजी तळलेल्या तेलात दिवाळीच्या चकल्या करणं.

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरहून उतरायला लागलो. महाबळेश्वर आहे समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर, आणि घाटाच्या पायथ्याचं पोलादपूर पार खाली, सावित्रीच्या काठी. चाळीसएक किलोमीटरांत बाराशे मीटरहून जास्त उतार. चढताना पेट्रोल जाळून ही उंची आपण विकत घेतलेली असते. उतरताना ती परत करावी लागते, आणि परत करायची म्हणजे तिची पुन्हा उष्णता करायची. माणसं आणि सामान धरून गाडी १,२०० किलोची समजा. बाराशे मीटर उतरताना जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढ्यात ४५ लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीपर्यंत येईल. आंघोळीच्या कढत पाण्याच्या तीन बादल्या! सपाट रस्त्यावरही हाच खेळ छोट्या प्रमाणात चालतो. १०० च्या वेगातून ब्रेक मारून थांबलात तर दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल इतकी उष्णता काही सेकंदांत तयार होते. दहा-बारा कप चहाचं आधण.

काही उष्णता वारा आणि टायर घेतात. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली तर ती चार चाकांतल्या थोड्याशा लोखंडात साठते. डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते. लायनर करपल्याचा वास येतो आणि त्यांची पकड सुटायला लागते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइलला उकळी फुटू शकते. नवं डॉट ३ जातीचं ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली वाफ शोषत राहतं, आणि साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, म्हणूनच पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. उकळी फुटली की पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. चार पावसाळे काढलेल्या गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये किती पाऊस मुरलाय ते बाहेरून कळत नाही. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं, भले पातळी भरलेली असो.

मग या तीन बादल्या टाकायच्या कुठे? जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने घाट चढतोस त्याच गिअरने उतर. त्यामागे भौतिकशास्त्र आहे. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की हवेची वाट जवळजवळ बंद होते. चाकं इंजिनाला फिरवतात आणि पिस्टनांना बंद तोंडातून श्वास ओढावा लागतो. बोटाने दाबलेल्या स्ट्रॉमधून उसाचा रस ओढून बघा, गाल दुखतात. ही मेहनत गाडीचा वेग खाते, आणि उष्णता जाते रेडिएटर आणि सायलेन्सरच्या वाटेने, म्हणजे जिथे ती टाकायची सोय आहे तिथे.

न्यूट्रलवर उतरणाऱ्यांसाठी यात आणखी एक बातमी आहे. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की संगणक इंजिनाचं पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलवर मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल पाजावं लागतं. म्हणजे ॲव्हरेजसाठी न्यूट्रल करणारा माणूस पेट्रोल जास्त जाळतो आणि ब्रेकही. इंजिनच बंद करून उतरणाऱ्याचं तर विचारूच नका. ब्रेकला जोर देणारी पोकळी दोन-तीन वेळा पेडल दाबलं की संपते, मग पेडल दगड होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार आणि बोरघाट या दोन्ही ठिकाणी ‘गाडी न्यूट्रल करू नका’ हे कानीकपाळी ओरडून का सांगतात, ते या बादल्या मोजल्या की कळतं.

घाट संपला तरी उष्णता संपत नाही, ती टायरांत असते. रस्त्याला टेकणारा टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा. टायरची प्रत्येक जागा तिथे आली की चपटी होते आणि सुटली की पुन्हा गोल. १०० च्या वेगाला हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा घडतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की बोटाला चटका बसतो, तसं रबर आतून तापत जातं. हवा कमी असेल तर टायर जास्त चपटा होतो आणि जास्त तापतो. आपल्याकडे उन्हाळ्यात ‘फुटू नये म्हणून’ हवा कमी ठेवणारे आहेत. समृद्धी महामार्गासारख्या सरळ काँक्रीटच्या रस्त्यावर, मेच्या दुपारी, १२० च्या वेगाने ते टायर फुटण्याचीच तयारी करत असतात. हवा कंपनीने दाराशेजारच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच, आणि तीही सकाळी टायर गार असताना. पाच-सहा अंश तापमान वाढलं की साधारण १ पीएसआय दाब आपोआप वाढतो. तापलेल्या टायरची हवा सोडून आकडा जुळवला तर टायर निवल्यावर तो कमी भरतो. टायरच्या अंगावरचे चार आकडेही एकदा वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं.

बॅटरीचं दुखणं तर रहस्यकथेसारखं आहे. ती बंद पडते पावसाळ्यातल्या किंवा डिसेंबरातल्या सकाळी, सेल मारला की नुसतं कट-कट. आपण थंडीला दोष देतो. खरं तर उन्हाळ्यात बॉनेटखालच्या भट्टीत तिचं पाणी उडालेलं असतं आणि आतल्या शिशाच्या पट्ट्या भराभर खराब झालेल्या असतात. खून मेमध्ये झालेला असतो, प्रेत डिसेंबरात सापडतं.

सायलेन्सरकडेही दोन नवलं आहेत. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. सकाळी गार गाडीच्या सायलेन्सरमधून थेंब गळतात ते हेच पाणी. गाडी रोज फक्त भाजी मंडईपर्यंतच जात असेल तर सायलेन्सर तापतच नाही, पाणी आत साचतं आणि पाइप आतून गंजतो. दुसरं नवल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप दिलेलं जाळं असतं, आणि ते विषारी धूर निवळायला लागतं ते अडीचशे-तीनशे अंशांना तापल्यावर. म्हणून लांबून आलेली गाडी पठारावरच्या वाळल्या गवतात लावू नये. फोटो काढून येईपर्यंत खाली वणवा पेटलेला असू शकतो.

विजेच्या गाडीने ही चूल बरीच विझवली आहे. तिची मोटर मिळालेल्या विजेचा बहुतांश भाग चाकाला देते. आणि आंबेनळीसारख्या उतारावर तीच मोटर उलटी जनित्र होते, तीन बादल्यांतलं पुष्कळसं पाणी टाकीत परत भरते. तरी तिच्या बॅटरीलाही तापू न देण्यासाठी बहुतेकदा कूलंट खेळवावं लागतं.

प्रवासाचा अखेरचा हिशोब मात्र मला सगळ्यात जास्त चक्रावतो. पुण्याहून निघालेली गाडी चार दिवसांनी पुण्यात त्याच पार्किंगमध्ये, त्याच खांबाशेजारी येऊन उभी राहते. उंची तीच, वेग शून्य. जाळलेल्या पेट्रोलमधल्या त्या २०-२५ रुपयांचंही आता काही शिल्लक नसतं. तेही वाऱ्यात, टायरांत आणि ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेलेले असतात. शंभरच्या शंभर रुपये शेवटी हवा तापवण्यात गेले, फक्त मध्ये आपण मावशीला भेटून आलो.

त्या उष्णतेचा अगदी शेवटचा वाटेकरी आमच्या सोसायटीत राहतो. हिवाळ्यात गाडी लावून मी वर गेलो, की टिक्-टिक् थांबायच्या आत एक मांजर बॉनेटवर येऊन बसतं, आणि थंडी फारच असेल तर खालून शिरून इंजिनापाशी झोपतं. म्हणून सकाळी दोन मिनिटं काढा. गाडी गार आहे तोवर कूलंटची पातळी बघा, टायरकडे नजर टाका आणि सेल मारण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. आत कुणी झोपलेलं असेल तर त्याला उठून जाऊ द्या.